चाळीस ते एकशे चाळीसच्या मधला भात

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये कुणाकडे जेवायला गेलो की ताक-भाताच्या सुमारास हमखास एक प्रश्न यायचा. "मेश्राम, तुला तर माहीत असणारच यार. डेव्हॉनला व्हेज कुठे बेस्ट मिळतं?"

"माहीत नाही," मी म्हणायचो.

"काय सांगतोस! तुझं कामच ते!"

काम ते होतं, म्हणूनच माहीत नव्हतं. शिकागो शहराच्या आरोग्य खात्यात मी फूड इन्स्पेक्टर होतो आणि नव्वदच्या दशकातली काही वर्षं डेव्हॉन रस्त्यावरची आपली हॉटेलं माझ्याकडे होती. साड्यांची दुकानं, सोनार, किराणा आणि दर दोन दारांआड एक जेवणाची जागा. त्यातल्या निव्वळ शाकाहारी अकरा. त्या अकरांपैकी कुणाचा फ्रीज किती थंड आहे, कुणाच्या सिंकखालचा पाइप गळतो, कुणाचा आचारी खोकताना तोंडावर हात धरत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. चव मात्र एकाही ठिकाणची ठाऊक नव्हती. म्हणजे, एक ठिकाण सोडून.

लोकांना वाटायचं, हा भाव खातो. वाटू दे म्हटलं. त्या एका ठिकाणाबद्दल मी आजवर शॉमबर्गात कुणाला सांगितलेलं नाही. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, सांगायला हरकत नाही. हॉटेलांची नावं तेवढी लिहिणार नाही. रिपोर्टाबाहेर कुणाचं नाव काढायचं नाही, ही सवय लागली ती लागलीच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इन्स्पेक्टर म्हणजे झुरळं शोधणारा. झुरळ दिसलं तर लिहावं लागतंच, पण खरं काम थर्मामीटरचं. खिशात पेनासारखा थर्मामीटर, हातात टॉर्च, काखेत फॉर्मचं पॅड. न सांगता जायचं. आत शिरल्यावर पहिल्यांदा आपले स्वतःचे हात धुवायचे. त्यातच निम्मं कळतं, हात धुवायच्या सिंकपाशी साबण आहे की सोलायचे बटाटे. मग एकेका पातेल्यात थर्मामीटर खुपसायचा. थंड पदार्थ चाळीस डिग्रीच्या खाली हवा, गरम पदार्थ एकशे चाळीसच्या वर. फॅरनहाइट, बरं का. मधला पट्टा जंतूंचा. त्या पट्ट्यात तासन्‌तास राहिलेलं अन्न फेकायचं. तेही नुसतं डब्यात टाकून भागत नाही. आमची पाठ वळली की लोक डब्यातून परत काढतात. म्हणून त्याच्यावर ब्लीच ओतायचं. कपडे धुवायला वापरतात, तेच. ब्लीच ओतलं की वाद संपला.

अन्नावर ब्लीच ओतायला शिकायला मला सहा महिने लागले. हातच धजायचा नाही.

"आमचं प्युअर व्हेज आहे साहेब, इथे काय सापडणार तुम्हाला?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, गणती नाही. मी सांगायचो, चिकनला सगळे घाबरतात, म्हणून चिकन बिचारं थंड राहतं. भाताला कुणी घाबरत नाही. भातात एक जंतू असतो, तो शिजवूनही मरत नाही, बी धरून बसतो. भात रात्रभर ओट्यावर राहिला की तो जागा होतो आणि त्यानं सोडलेलं विष सकाळी कितीही फोडणी दिली तरी जात नाही. शिळ्या भाताला फोडणी घालणारा आपला समाज. तिथे हे कुणाला पटणार? माझी आई हसून हसून लोळली होती ऐकून.

आमच्या घराण्यात शिकायला कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. माझ्याआधी बाबा गेले होते कॉलेजात, पण ते पाण्याच्या टाकीचा नमुना आणायला. विदर्भातल्या आमच्या गावच्या नगरपालिकेत बाबा आरोग्य विभागाचे शिपाई होते. अन्ननिरीक्षक साहेबांबरोबर बाटल्यांची लाकडी पेटी घेऊन फिरायचे. साहेब हॉटेलात आत बसून भजी खायचे, बाबा पेटी धरून पायरीशी उभे. त्यांना चहा बाहेरच यायचा, कान तुटलेल्या कपात, आणि तो कप भिंतीवरच्या वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा. बाबा घरी येऊन सांगायचे, "साहेबानं भजे खाल्ले, का नमुना पास."

मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झालो, इथे येऊन एम.एस. केलं, काही वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये काढली. मग शहराची नोकरी लागली. फोनवर बाबांना सांगितलं.

"म्हंजे तू आत जाशीन?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. कायद्यानं."

"मंग एक कर. कोनाचा चहा नको पेऊ."

खात्याचा नियमही तोच होता, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. पण खात्याचा नियम मी फाइलमध्ये ठेवला. बाबांचा अंगात मुरला.

थाळीचं एक मोठं हॉटेल होतं. स्वयंपाकघराच्या दारात पाटी: चपला बाहेर काढा. आत चारही आचारी अनवाणी, फरशीवर तेलाची थारोळी. मालक शेठजी दारातच आडवे आले. "साहेब, किचन म्हणजे आमचं देवघर. जोडे बाहेर."

"शेठ, देवघरात उकळत्या तेलाची कढई नसते. उद्यापासून सगळ्यांच्या पायात बूट हवेत."

त्यांनी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला. "मेश्राम... मेश्राम म्हणजे कोण तुम्ही?"

"इन्स्पेक्टर," मी म्हणालो आणि बुटांसकट आत जाऊन हात धुतले. त्या दिवशी रिपोर्टवरचं माझं अक्षर जरा जास्तच ठसठशीत आलंय. कबूल करतो.

दुसरे एक डोसेवाले अण्णा. तिथे माझ्याबरोबर आमचा सुपरवायझर फ्रँक आला होता. ओट्यावर डोशाच्या पिठाचं भलं मोठं घमेलं, फसफसून वर आलेलं, तापमान अठ्ठ्याहत्तर. फ्रँकनं ब्लीचच्या बाटलीला हात घातला. अण्णांचा चेहरा पिठापेक्षा पांढरा. मी म्हणालो, थांब. खिशातून आम्लता मोजायची कागदाची पट्टी काढली, पिठात बुडवली, रंग फ्रँकच्या नाकासमोर धरला. "इतक्या आंबटात आपला एकही शत्रू जगत नाही," मी सांगितलं. "तुमचं दही असतं ना, तसंच हे."

फ्रँकनं पट्टी उजेडात धरून दोनदा पाहिली. मग बाटली खाली ठेवून म्हणाला, "तू नसतास तर मी हे फेकलं असतं."

"हो," मी म्हणालो, "आणि माणसं गेली हजारो वर्षं खातायत."

तेव्हापासून डेव्हॉनवरचं पीठ वाचलं. माझ्या उभ्या नोकरीतली ही एक गोष्ट मी कुणालाही छाती काढून सांगतो. अण्णांनी लगेच हातभर लांब डोसा करून आणला, कडेनं तूप सुटलेलं. मी नको म्हटलं. बाहेर येऊन गाडीत बसलो, हीटर लावला आणि गार टर्की सँडविच खाल्लं.

ती माझी रोजची पंगत. डेव्हॉनवर दुपारी एकच्या सुमाराला अंगावर मोहरी-हिंगाचा वास घेऊन बाहेर पडायचं, आणि बर्फात उभ्या केलेल्या गाडीत बसून सँडविच. घरी गेलं तरी कोण होतं? बायको नागपूरला. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोचा नंबर लागायला तेव्हा वर्षं लागायची. ती तिकडे शाळेत शिकवत होती, मी इकडे दुसऱ्यांच्या फ्रीजमध्ये वाकून बघत होतो. रविवारी सकाळी फोनकार्डावर बोलायचं. नेमकं काही सांगायचं सुचलं, की कार्डातली बाई मधे बोलायची, एक मिनिट उरलं आहे. फोन ठेवल्यावर घरात जी शांतता पडायची ना, तिच्यात बसवायचं नाही. मी उठायचो आणि कुसुममावशींकडे जायचो.

मावशी जळगावच्या. हॉटेल यजमानांनी काढलेलं, आठ टेबलांचं. ते गेल्यावर मावशींनी बंद केलं नाही. गिऱ्हाइकाला पनीर आणि छोले द्यायच्या, कारण गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं. ओळखीचा कुणी आला तर भरीत, कळण्याची भाकरी. मदतीला लूपे नावाची मेक्सिकोची बाई, मावशींच्याच वयाची. तिच्या पोळ्या मावशींपेक्षा जास्त फुगायच्या, यावर दोघींची रोज एकदा तरी तणातणी.

मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा तिथे गेलो. मावशींनी नाव विचारलं. सांगितलं, सुधाकर मेश्राम. आपल्याकडे आडनाव सांगितल्यावर माणसाचा पुढचा प्रश्न काय असतो, ते मला पाठ आहे. मावशींचा पुढचा प्रश्न होता, "जेवलास का?"

मावशींचा मुलगा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. दर आठवड्याला त्याचा फोन. आई, इथे ये, टाउनहाऊस घेतलंय, मुलं तुझी वाट बघतात. मावशी फोन ठेवून मला सांगायच्या, "तिथे जाऊन मी काय करू रे? मुलं सांभाळू नि डिशवॉशर लावू. इथे मी मालकीण आहे. हे हॉटेल बंद पडेल त्या दिवशी जाईन. तोवर नाही."

रविवारी हॉटेल बाराला उघडायचं. मी साडेदहाला जायचो. काचेवर टकटक केलं की मावशी कडी काढायच्या. ओट्यावर पांढऱ्या फडक्याखाली शनिवारचा भात झाकलेला असायचा. कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, कढीपत्ता, वरून लिंबू. मावशी, लूपे आणि मी, तिघं स्वयंपाकघरातच उभ्यानं खायचो. हा फोडणीचा भात मेन्यूवर नव्हता. एकदा एका गिऱ्हाइकानं वासावरून मागितला तर मावशींनी साफ नाही म्हटलं. "गिऱ्हाइकाला शिळं द्यायचं नसतं. ते घरच्यांना."

"मावशी, भात फ्रीजमध्ये ठेवा," मी सांगून पाहिलं होतं.

"फ्रीजमध्ये त्याचं रबर होतं. गप खा."

आणि मायक्रोबायोलॉजीची दोन सर्टिफिकेटं असलेला मी तो भात वर्षानुवर्षं गप खात आलो. कधी पोट दुखलं नाही. धोका नव्हता असं नाही, नशीब होतं. पण नशिबाचा रकाना आमच्या फॉर्मवर नसतो.

सुरुवातीला माझा भाग शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यामुळे माझी नोकरी आणि मावशींचं हॉटेल एकमेकांच्या वाटेत आली नाहीत. मग भाग बदलले आणि डेव्हॉन माझ्याकडे आलं. यादीत मावशींचं हॉटेल.

इथे मी चूक केली. नियम साधा होता. यादीतलं कुणी ओळखीचं असेल तर सुपरवायझरला एक वाक्य सांगायचं, ही माझ्या ओळखीची आहेत, तिथे दुसऱ्याला पाठव. फ्रँकनं 'ओके' म्हणून नाव खोडलं असतं. मग तपासणी दुसऱ्यानं केली असती आणि मी रविवारी साडेदहाला जात राहिलो असतो. कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण मला वाटलं, ओळखीमुळे माझा हात ढिला पडेल असं कुणी का समजावं? पेटी धरून उभ्या राहिलेल्या माणसाचा मुलगा मी. मी दाखवून देईन. कुणाला दाखवायचं होतं, कोण जाणे. बघायला कुणीच बसलेलं नव्हतं.

मावशींना सांगायला गेलो. "मावशी, आता मला इथे जेवता यायचं नाही."

"का? मी काय केलं?"

"तुम्ही काही नाही. मी इथला इन्स्पेक्टर झालो."

"मग? इन्स्पेक्टर जेवत नाहीत?"

"इथे नाही."

त्या हसल्या. "बघू किती दिवस टिकतोस."

पहिल्या तपासणीला गेलो तर मावशी पुरण वाटत होत्या. "ये ये सुधाकर, पाणी घे." मी नको म्हटलं. मग हातमोजे नाहीत म्हणून शेरा लिहायला लागलो. "हातमोजे घालून पुरण?" मावशी लूपेकडे बघून म्हणाल्या. "पोळी करायची आहे का ऑपरेशन?" मलाही हसू आलं, पण मी लिहीत राहिलो. निघताना त्यांनी पुन्हा पेला पुढे केला. "अरे, घरी आलेल्या माणसानं पाण्याला नाही म्हणू नये."

"मी घरी आलो नाही मावशी. तपासणीला आलोय."

पेला त्यांनी सावकाश खाली ठेवला. "बरं, साहेब," म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी साहेब झालो. त्यांच्या तोंडून 'सुधाकर' पुन्हा एकदाच ऐकलं.

साधारण वर्षभरानं, फेब्रुवारीतली गोष्ट. आम्हाला अधूनमधून रविवारची पाळी यायची. यादीत मावशींची तपासणी राहिलेली दिसली. कुठल्या वेळेला जायचं हे माझ्याच हातात होतं. मी साडेदहाला गेलो. मुद्दाम नाही, पायांना तीच वेळ माहीत होती. काचेवर टकटक केलं.

आतून मावशी आल्या. काचेतून मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी तो आजही विसरू शकत नाही. घाईघाईनं कडी काढली. "आलास, सुधाकर!"

मग त्यांना माझ्या काखेतलं पॅड दिसलं.

"तपासणी आहे," मी म्हणालो.

"या, साहेब."

मी आत जाऊन हात धुतले. साबण होता. मोठा फ्रीज उघडला तर थंडावा लागेना. पंखा घुमत होता, म्हणून मावशींना शंका आली नव्हती. कॉम्प्रेसर आदल्या दिवशीच कधीतरी गेला असावा. थर्मामीटर लावला, बावन्न. दही, पनीर, चटण्या, शिजवलेले छोले, सगळं बावन्न. असा फ्रीज असेल तर हॉटेल बंद करावंच लागतं. त्यात इन्स्पेक्टरच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. लूपे एकेक डबा काढून कचऱ्याच्या पिशवीत रिकामा करत गेली, मी ब्लीच ओतत गेलो.

मग मी ओट्याकडे वळलो. पांढऱ्या फडक्याखाली पातेलं. फडकं उचललं, थर्मामीटर खुपसला. अडुसष्ट.

"हा गिऱ्हाइकांसाठी नाही," मावशी म्हणाल्या.

आता हे वाक्य म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं. काहीही पकडलं की मालक म्हणतो, ते घरचं आहे, गिऱ्हाइकाचं नाही. मीही ठरलेलं उत्तर दिलं. "सगळे असंच म्हणतात मावशी."

शेजारी पाटावर चिरलेला कांदा होता, दोन मिरच्या, कढीपत्त्याची एक काडी, अर्धं लिंबू. मी ते पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांनी. लक्ष माझं काट्यावर होतं.

मी बाटली उचलली तेव्हा मावशींनी पदर सारखा केला आणि अगदी हळू म्हणाल्या, "साहेब, अन्न आहे ते."

मी ओतलं. गार भातावर ब्लीच पडलं की चुर्र वगैरे काही आवाज होत नाही. नुसता वास येतो, पोहण्याच्या तलावाचा. लूपेनं छातीवर क्रूसाची खूण केली. मी दारावर बंदचा कागद चिकटवला आणि निघालो.

चार दिवसांनी फ्रीज दुरुस्त झाल्याचा निरोप आला. फेरतपासणीला तरी फ्रँकला सांगून दुसऱ्याला पाठवायचं. पण नाही, पुन्हा मीच. हॉटेल आरशासारखं घासलेलं. फ्रीज छत्तीस. नवे हातमोजे, पायात बूट, प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी. ओट्यावर फडकं नव्हतं, पातेलं नव्हतं.

"पास?" मावशींनी विचारलं.

"पास. एकही शेरा नाही. सबंध डेव्हॉनवर असं किचन नाही, मावशी. आजच उघडा."

"नाही उघडत. मुलाला फोन केलाय. महिनाअखेर फ्रीमाँटला जाते."

"पण तुम्ही पास झालात!"

"म्हणून तर आता जाते. नापास होऊन नव्हतं जायचं मला." त्या ओट्यावरून उगाच हात फिरवत होत्या. "दारावरचा कागद सगळ्या रस्त्यानं वाचला, त्याचं एवढं नाही. लोक विसरतात. पण त्या दिवसापासून इथे उभी राहिले ना, की तो वास येतो. चारदा धुतलं. जात नाही. अन्नावर तसलं ओतलेलं पाहिलं, आता इथे हात चालत नाही माझा." मग एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चहा टाकू? आता शेवटचाच."

आणि मी म्हणालो, "नको, ड्यूटीवर आहे."

विचार करून बोललो नव्हतो. तोंडातून गेलं. पाठ केलेलं पुढे आलं.

मागच्या दारानं बाहेर पडलो तर लूपे कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, जोडून जोडून बोललेलं. ती म्हणाली, "तो राइस तुझा होता. दर शनिवारी ती तुझ्या वाटणीचा ठेवायची. रविवारी साडेदहापासून दाराकडे बघायची. तू यायचा नाहीस. मग अकराला आम्ही दोघी खायचो. वर्षभर."

"मला सांगितलं का नाही?"

"तिनं सांगितलं की. तू 'सगळे असंच म्हणतात' म्हणालास."

लूपेला मराठी कळतं, हे मला तेव्हा कळलं.

परत आत जायला दहा पावलं होती. गेलो नाही. आत जाऊन काय म्हणणार होतो? कायद्यानं मी बरोबरच होतो. आजही तसा भात समोर आला तर मी तो फेकेन, कुणाचाही असो. दुसऱ्या इन्स्पेक्टरनंही फेकलाच असता. पण तो दुसरा असता.

पुढच्या रविवारी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं, बाबा म्हणतील, शाब्बास. शेवटी मीच म्हणालो, "तुम्ही सांगितलं तसं वागलो बाबा. चहासुद्धा घेतला नाही."

कार्डातली मिनिटं चालली होती. मग बाबा म्हणाले, "मी 'कोनाचा' म्हनलो होतो. आपल्या मानसाचा नको पेऊ, असं कधी म्हनलो बाप्पा?"

मावशींच्या जागी पुढे फोनकार्डांचं दुकान झालं. बायकोचा नंबर लागून ती आली, तिला मी त्या दुकानाची काच दाखवली, आतलं काही सांगितलं नाही. त्याआधी एकदा धीर करून फ्रीमाँटला फोन लावला होता. सुनेनं उचलला. "कोण मेश्राम?" मग मावशी आल्या.

"बोला, साहेब."

"मावशी, कशा आहात?"

"छान. फ्रीज केवढा मोठा आहे इथला! तुम्ही पास केला असता."

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "भात मात्र इथे मोजून करतात. उरतच नाही." मागे मुलं इंग्रजीत ओरडत होती. "ग्रँडमा बिझी आहे," त्या त्यांना म्हणाल्या, आणि मला, "ठेवते हं." मला माफी मागायची होती. मी म्हणालो, "बरं, मावशी."

आता मला कुठेही जेवता येतं. डेव्हॉनला जातो, बसतो, मागवतो. घास तोंडात घालायच्या आधी डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे जातात. कुठे बेस्ट मिळतं, हे अजून सांगता येत नाही.

त्या रविवारच्या रिपोर्टची पिवळी कार्बन प्रत माझ्याकडे आहे. माझंच अक्षर. शिजवलेला भात, एक पातेलं, ओट्यावर, अडुसष्ट डिग्री, नष्ट केला. त्याखाली 'मालकाचं म्हणणं' असा रकाना आहे, तीन ओळींचा. तो कोरा आहे. मालकिणीनं म्हणणं सांगितलं होतं, मी लिहून घेतलं नव्हतं. नियमानं लिहायला हवं होतं. सबंध नोकरीत माझ्या हातून अर्धवट राहिलेला तेवढा एकच फॉर्म. तो इथे पुरा करतो:

भात गिऱ्हाइकांसाठी नव्हता. घरच्या माणसासाठी ठेवलेला होता. मालकीणबाई खरं बोलत होत्या.